आमचे हे येत आहेत

ऑफिसात तिला सगळे 'नसेलतर बाई' म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ फिरली की पूर्ण नाव. कुणी काही सांगितलं की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "आणि नसेल तर?"

गच्चीची किल्ली वॉचमनकडे आहे. आणि वॉचमन नसेल तर? मीटिंगच्या खोलीत प्रोजेक्टर आहे. आणि त्याला वायर नसेल तर? ही खोड तिला लहानपणापासून होती. लग्न ठरवायला बसले होते तेव्हा मुलाचे मामा घसा खाकरून म्हणाले, "मुलाला कायमची नोकरी आहे," आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "आणि नसेल तर?" तिच्या आईने कपाळाला हात लावला. पण मुलाची आई खळखळून हसली. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली बाई ती, हसायची तेसुद्धा मैदानभर ऐकू जाईल असं. म्हणाली, "ही आमच्याकडे हवी. आमच्या घरात कुणी काही विचारतच नाही." लग्न झालं, आणि नोकरी पुढे खरंच गेली. तेव्हापासून सासूबाईंचा सुनेवर जरा जास्तच विश्वास.

नोकरी गेल्यावर नवऱ्याने आवाजाचं काम धरलं. आवाज मुळातच मऊ, ऐकणाऱ्याला डुलकी येईल असा. मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकून, कानांवर हेडफोन चढवून तो पाठ्यपुस्तकं वाचायचा, कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणायचा. माणूस गोड. कधी आवाज चढवणार नाही, कधी नाही म्हणणार नाही. अडचण एवढीच की हो म्हटल्यावर त्याच्या हिशेबी काम संपलेलं असे.

बाईचं ऑफिस लिफ्टचं होतं. म्हणजे लिफ्ट दुसरेच लोक बनवत, हे त्यांची देखभाल करत, आणि ती सगळी यंत्रणा ज्या प्रोग्रामवर चाले तो बाई लिहायची. लिफ्टमध्ये लाल घंटेचं बटण असतं. कुणी अडकलं की ते दाबतं. घंटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर येते, ही लिफ्ट कुठली, हिचा मेकॅनिक कोण हे कॉम्प्युटर शोधतो, त्याच्या फोनवर संदेश धाडतो, आणि तो पाना-पक्कड घेऊन निघतो.

आता प्रोग्राममध्ये लिफ्ट ही एक वस्तू असते, मेकॅनिक ही दुसरी. प्रत्येक लिफ्टपाशी जणू एक चिठ्ठी लावलेली, तिच्यावर तिच्या मेकॅनिकचा पत्ता. कधीकधी चिठ्ठी कोरी असते. मेकॅनिक सोडून गेला, नवा नेमला नाही, किंवा चिठ्ठी भरणारा चहाला उठला तो तसाच घरी गेला. या कोरेपणाला प्रोग्राम लिहिणारे 'नल' म्हणतात. 'चिठ्ठीवरच्या माणसाला निरोप दे' म्हटलं आणि चिठ्ठी कोरी निघाली, की प्रोग्राम परत येऊन विचारत नाही. तो भर रस्त्यात आडवा पडतो आणि मागची सगळी वाहतूक अडवून धरतो. एकदा असंच झालं. एका कपड्याच्या दुकानातल्या लिफ्टला मेकॅनिकच नव्हता, कुणाची तरी पिशवी घंटेला टेकली, आणि सगळ्या लिफ्टचा नकाशा ऑफिसच्या पडद्यावरून गुल झाला.

मग बाईने पदर खोचला. जिथे जिथे मेकॅनिकचं नाव येतं तिथे तिथे तिने अट घातली: मेकॅनिक असेल तरच. झोपण्याआधी गॅसची बटणं, दाराची कडी, खिडकीची कडी, पुन्हा गॅसची बटणं बघणारी बायको असते, तसा तो प्रोग्राम होऊन बसला. कामाच्या ओळी थोड्या, तपासणीच्या फार. तिच्या साहेबाला लोक डेमोसाहेब म्हणत, कारण गिऱ्हाइकासमोर दाखवण्यापलीकडे प्रोग्रामचा काही उपयोग असतो यावर त्याचा विश्वास नव्हता. तो एकदा मागे उभा राहून वाचत म्हणाला, "बाई, हा प्रोग्राम आहे की सासरी निघालेल्या मुलीला केलेल्या सूचना?"

उपाय सुचला तो घरी, स्वयंपाकघरात.

तिथल्या कपाटाच्या दाराची बिजागरी निखळली होती. डबा काढायचा तर दार कोपराने धरून ठेवावं लागे, नाहीतर ते पायावर येई. तिने नवऱ्याला सांगितलं, "अरे, ते दार बसव ना." तो म्हणाला, "हो, बसवतो." असं ती कधीपासून सांगत होती आणि तो कधीपासून हो म्हणत होता, दर वेळी तितक्याच गोडीने. भांडण नाही, आदळआपट नाही, संसार सुरळीत. कोपराने दार धरून ती साखरेचा डबा काढत होती आणि डब्यासकट थबकली.

दुसऱ्या दिवशी तिने प्रोग्राममध्ये एक नवा मेकॅनिक बनवला. दिसायला इतर मेकॅनिकांसारखाच. त्याला निरोप द्या, घेईल. तेल घाल म्हणा, 'मिळालं' म्हणेल. कुठे आहेस विचारा, 'मिळालं' म्हणेल. करणार काही नाही. जिथे चिठ्ठी कोरी असेल तिथे हा बसवायचा. मग कुठे तपासायला नको, कुठे काही कोसळायला नको. या युक्तीला धंद्यात एक भारदस्त नाव आहे, पण तिने त्याचं नाव ठेवलं 'आमचे हे'. एरवी ती नवऱ्याला अरे-तुरेच करायची. 'आमचे हे' हा मावश्यांच्या आणि आत्यांच्या तोंडचा शब्द ती फक्त चेष्टेला वापरायची.

मुळात 'आमचे हे' होते तेल-ग्रीस घाल म्हणून मेकॅनिकला जाणाऱ्या आठवणींसाठी. मेकॅनिक नसलेल्या लिफ्टची आठवण 'आमच्या ह्यां'कडे जाऊन पडली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्या प्रोग्राममध्ये एक जागा होती, चाळीतल्या सार्वजनिक नळासारखी, जिथे सगळेच 'या लिफ्टचा मेकॅनिक कोण?' म्हणून विचारायला यायचे. तिने 'आमच्या ह्यां'ना तिथेच नेऊन बसवलं. एका ओळीत काम झालं, सगळ्यांचीच सोय झाली, आणि आठवड्याचा शेवटचा दिवस होता. लाल घंटाही त्याच जागी विचारायला येते हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर सगळ्यांना 'नसेल तर' विचारणारी बाई त्या दिवशी स्वतःला विचारायची राहिली, कारण उत्तर तर तिने नुकतंच बनवलं होतं.

नकाशा पुन्हा कधी गुल झाला नाही. डेमोसाहेबाने तिला सगळ्यांसमोर पाण्याची स्टीलची बाटली भेट दिली.

त्यातच लिफ्टसाठी एक धीर देणारा आवाज हवा होता. बाहेरचा माणूस महाग पडत होता, म्हणून तिने नवऱ्याचं नाव सुचवलं. आता मेकॅनिककडून 'मिळालं' आलं की लिफ्टमध्ये तो बोलायचा, "तुमची सूचना मिळाली आहे. मदत येत आहे. कृपया शांत राहा." त्यांच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्टही तिच्याच शब्दावर कमिटीने या कंपनीकडे दिली होती. सासूबाईंनी तो आवाज ऐकला तेव्हा म्हणाल्या, "माझा मुलगा म्हणतोय मदत येत आहे? ओळखीच्या कुणाला ऐकवू नका."

हॉस्पिटलची बाई आली ती एका दुपारी. मोठ्या हॉस्पिटलची व्यवस्था बघणारी, कामापुरतं बोलणारी, पर्सच्या दोरीला वाचायचा चष्मा अडकवलेली. तिच्याकडच्या सगळ्या लिफ्ट मिळाल्या असत्या तर डेमोसाहेबाचं वर्ष निघालं असतं. त्याने भिंतभर पडद्यावर नकाशा लावला. हिरवे ठिपकेच ठिपके.

"मॅडम, आमच्याकडे लाल रंग बघायला मिळत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात एक ठिपका पिवळा झाला आणि लगेच हिरवा.

"हे बघा. घंटा वाजली, मेकॅनिकला मिळाली. झालं."

"मेकॅनिक कोण ते दिसतं का?"

"सगळं दिसतं." त्याने ठिपक्यावर टिचकी मारली. पडद्यावर हातभर अक्षरात आलं: मेकॅनिक, आमचे हे.

हॉस्पिटलच्या बाईने चष्मा लावला. "हे कोण?"

डेमोसाहेबाने नसेलतर बाईकडे बोट केलं. तो म्हणाला, "बाईंचे."

नसेलतर बाईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती नावाखालचा पत्ता वाचत होती. इमारत तिची होती. ठिपका पुन्हा पिवळा झाला, हिरवा झाला. जरा थांबून परत. दोन तुटक, एक लांब. दोन तुटक, एक लांब. कवायतीला उभं करताना शिट्टी वाजवावी त्या तालात इतक्या नेमाने घंटा दाबणारं माणूस त्या इमारतीत एकच होतं. सासूबाई या वेळेला गळ्यात जुनी शिट्टी अडकवून फिरायला निघत. मागच्या वर्षी त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती, आणि लिफ्टमध्ये मोबाइलला रेंज नसे.

तिने तिथूनच घरी फोन लावला.

"अरे, आई लिफ्टमध्ये अडकल्यात. जाऊन बघ."

"हो, बघतो," तो म्हणाला. तोच मऊ आवाज. तिला हायसं वाटलं, तिने फोन ठेवला.

ठिपका पिवळा झाला. हिरवा झाला. खाली तीच अक्षरं, आमचे हे.

तिने पडद्याकडे बघितलं, हातातल्या फोनकडे बघितलं, आणि पुन्हा नंबर फिरवला.

"उठलास का?"

"हो, उठतोच आहे."

"हो म्हणू नकोस. कुठे आहेस ते सांग."

"खुर्चीत."

"का?"

"एवढं पान वाचून झालं की निघतो. मधेच तोडलं तर आवाज जुळत नाही."

"आई आत आहेत, दिवा-पंखा असेल-नसेल. तुला जमणार नसेल तर नाही म्हण, मी खालच्या काकूंना पाठवते. त्याचा मला राग नाही यायचा. पण हो म्हणून बसून राहू नकोस."

मीटिंगच्या खोलीत डेमोसाहेब खुणेने तिला बाहेर जा म्हणत होता. हॉस्पिटलची बाई खुणेने त्याला गप्प बसा म्हणत होती.

"उठलो," नवरा म्हणाला. आवाज बदलला होता. "चप्पल सापडत नाहीये. तसाच जातो."

"फोन ठेवू नकोस. दिसेल ते बोलत जा."

"जिन्यात आहे. शिट्टी ऐकू येतेय. या मजल्यावर नाही. खाली... इथे आहे. दार बंद आहे. आई!"

दाराआडून आवाज आला, तो फोनमधून सगळ्या खोलीने ऐकला. "कोण?"

"मी."

"खरा, की तो दुसरा?"

"खरा आहे गं."

"मग पुढे बोल काहीतरी. ते मदत येत आहे सोडून."

नसेलतर बाईने डेमोसाहेबाकडे वळून विचारलं, "आमच्या भागाचा मेकॅनिक कुठाय?"

"तो सोडून गेला ना. मोबाइलच्या कव्हरचं दुकान टाकलंय त्याने."

"त्याच्या जागी कोण?"

"नेमायचाय."

तिने टेबलावरच्या फोनवरून शेजारच्या भागातल्या मेकॅनिकला फोन केला. तो जेवत होता. "मला मेसेज नाही आला बाई," तो घास गिळत म्हणाला.

"तो आमच्या ह्यांना गेलाय."

"मग त्यांनाच पाठवा की."

"ते पोचलेत. पाना तुम्ही आणा. आत माझी सासू आहे."

"आलोच," तो म्हणाला, आणि ताट सरकवल्याचा, स्कूटरची किल्ली उचलल्याचा आवाज तिने कान देऊन ऐकला. नुसत्या शब्दावर आज ती कुणालाच सोडणार नव्हती.

तिच्या मोबाइलवर नवरा चालूच होता. आता तो तिला सांगत नव्हता, दाराशी बोलत होता. "आई, बसलीस का खाली? बस. मला यातलं काही येत नाही. दार ओढून बघितलं, हलत नाही. पण मी इथून जात नाही."

"श्वास जरा जड वाटतोय," आतून आलं. एवढं बोलण्यात शिट्टीचा जोर नव्हता.

"माझ्याबरोबर घे. मी मोजतो." आणि तो पाठ्यपुस्तक वाचायच्या आवाजात सावकाश मोजू लागला.

हॉस्पिटलच्या बाईने चष्मा उतरवून दोरीला अडकवला. "आमच्या पेशंटच्या लिफ्टची घंटा अशीच गेली असती का? या ह्यांच्याकडे?"

"तसं नाही मॅडम," डेमोसाहेब म्हणाला, "म्हणजे ही फार वेगळी परिस्थिती..."

"गेली असती," नसेलतर बाई म्हणाली. "आणि तुम्हाला पडद्यावर हिरवं दिसलं असतं. ते मी लिहिलंय."

डेमोसाहेबाने डोळे मिटून घेतले. तिने पर्स उचलली आणि ती निघाली. स्टीलची बाटली टेबलावरच राहिली.

ती पोचली तेव्हा मेकॅनिकने दार उघडलं होतं. सासूबाई जिन्याच्या पायरीवर बसून पाणी पीत होत्या, गळ्यात शिट्टी, चेहरा पांढराफटक, केसाची बट मात्र हललेली नाही. शेजारी मुलगा अनवाणी बसलेला, त्याचा हात त्यांनी मनगटाशी धरून ठेवला होता. खाली डॉक्टर होते त्यांनी तपासलं, छाती ठीक होती, आज पडून राहा म्हणाले.

"अगं, मी त्याला विचारलं, येतोस कधी? तर म्हणतो मदत येत आहे," त्या सुनेला सांगू लागल्या. "म्हटलं, नक्की कोण येतंय? तर म्हणतो शांत राहा. कधी उलट उत्तर देत नाही म्हणून या पोराचं मी जन्मभर कौतुक केलं. आज आत बसून वाटलं, दोन थोबाडीत देऊन उलट बोलायला शिकवला असता तर बरं झालं असतं."

"त्याचा दोष नाही आई," ती म्हणाली. "आतला तो मी बनवला होता."

"मग तू घरचंच बघून बनवलास," सासूबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी तिने त्या सार्वजनिक जागेवरून 'आमच्या ह्यां'ना उठवलं. आता तिथे विचारायला येणाऱ्याला मेकॅनिक हातात मिळत नव्हता, झाकणाचा डबा मिळत होता. आत मेकॅनिक असेल किंवा नसेल. झाकण उघडल्याशिवाय वापरता येणार नाही, आणि उघडायचं तर 'असेल तर काय' आणि 'नसेल तर काय' दोन्ही लिहून द्यायचं. नाही लिहिलं तर प्रोग्राम मुळात चालूच होणार नाही. एवढा बदल केला मात्र, तिचा पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. कुणी ना कुणी मेकॅनिक असेलच असं धरून चाललेल्या सगळ्या जागा एकदम बोंबलायला लागल्या.

डेमोसाहेब मागे येऊन उभा राहिला. "चालतं होतं ते मोडलंत."

"चालत नव्हतं. ओरडत नव्हतं इतकंच."

"हे सगळं लाल कधी जाणार?"

"एकेकाला विचारल्यावर."

ती एकेका जागेपाशी थांबली. ग्रीसची आठवण, मेकॅनिक नसेल तर? काही करू नकोस. इथे 'आमचे हे' राहिले तरी चालतील. लाल घंटा, मेकॅनिक नसेल तर? शेजारच्या भागाच्या मेकॅनिकला सांग. त्याने स्वतःच्या बोटाने 'निघालो' दाबलं नाही तर? ऑफिसातला मोठा भोंगा वाजव, आणि कुणी जिवंत माणूस येऊन फोन उचलेपर्यंत वाजत ठेव. नव्या लिफ्टची नोंद करताना मेकॅनिक नसेल तर? नोंदच घेऊ नकोस. नोंद नाही तर बिल नाही, म्हणून यावर हिशेब बघणारे चिडले, भोंग्यावर डेमोसाहेब चिडला. दिवसातून कधीही वाजायचा, आणि वाजला की खोलीतल्या कुणाला तरी उठावं लागायचं. लोक तिला आता पाठीमागे काय म्हणतात ते तिने विचारलं नाही.

हॉस्पिटलचं अजून ठरलेलं नाही. त्या बाईने कळवलंय की दुरुस्त झालं की ती येईल, एका लिफ्टच्या मेकॅनिकचं नाव स्वतःच्या हाताने पुसेल आणि आत बसून घंटा दाबेल. डेमोसाहेबाला तेव्हापासून आम्लपित्त.

नवऱ्याला नवं वाक्य रेकॉर्ड करायचं होतं. तिने लिहून दिलं. त्याने रजयांच्या खोलीत बसून ते पुन्हा पुन्हा वाचलं, दर वेळी ते जास्तच गोड व्हायला लागलं. शेवटी सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "खुर्चीतून उठ आणि उभा राहून बोल," त्या म्हणाल्या. मग जमलं. "तुमच्या लिफ्टचा मेकॅनिक अजून सापडलेला नाही. आम्ही माणूस शोधतो आहोत. सापडला की त्याचं नाव सांगू." असली लिफ्ट कोण विकत घेईल, असं डेमोसाहेबाचं मत पडलं.

त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात साखरेचा डबा काढत होती, कोपराने दार धरून. नवरा चहाला आला. ती सवयीने म्हणाली, "अरे, हे दार बसवशील का?"

त्याचं तोंड 'हो'साठी उघडलं आणि तसंच राहिलं. त्याने दाराकडे बघितलं, बिजागरीकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "मला येतच नाही ते. कधीच येत नव्हतं."

तिने डबा ओट्यावर ठेवला. इतकी वर्षं तिने त्याच्याकडून कितीतरी गोड गोष्टी ऐकल्या होत्या, पण एवढं उपयोगाचं वाक्य हे पहिलंच.

"मग सांगायचंस ना," ती म्हणाली, आणि ओल्या हाताने सुताराला फोन लावला.

सुतार आला, चहा व्हायच्या आत दार बसवून गेला. आता ते व्यवस्थित उघडतं, व्यवस्थित मिटतं. तरी साखर काढायला गेली की तिचा कोपर अजून दाराला टेकायला जातो.